निळं पाकीट : नेदरलँड्सचा विमा, भत्ता आणि तुमचे घोळ

डेल्फ्टची_माई
काल भाचीचा फोन. सप्टेंबरात एन्शेडेला शिकायला आलीय. कॅफेत काम मिळालं म्हणून आधी खूश, मग लगेच रडवेली. "मावशी, पगारी काम धरलं की इथला विमा घ्यावाच लागतो म्हणे. महिन्याला दीडशे युरो! मग मी कमावणार काय?" म्हटलं, अगं झोर्खतूस्लाख (विम्याच्या हप्त्यासाठी मिळणारा सरकारी भत्ता) आहे की. तर म्हणे, "मावशी, घशात काही अडकलंय का?"

फोन ठेवला आणि एकदम २०१६ आठवलं. मीही विद्यार्थिनी होते आणि पगारी इंटर्नशिप लागली होती. तोवर प्रवासी विम्यावर निवांत होते. एचआरमधल्या बाईंनी सांगितलं, आता इथली बेसिक पॉलिसी घे, ४ महिन्यांच्या आत. मी हिशोब केला, ४ महिने आहेत ना, मग चौथ्या महिन्यात घेऊ, ३ महिन्यांचा हप्ता वाचला! घेतली तेव्हा कळलं की पॉलिसी कामाच्या पहिल्या दिवसापासूनच लागते आणि मागचा सगळा हप्ता एकदम भरायचा. त्या महिन्यात खिचडीच खाल्ली.

भत्त्याचं घरमालकीणबाईंनी सांगितलं. अर्जाला डिजीडी (सरकारी कामांचं ऑनलाइन लॉगिन) हवं, त्याचा कोड पोस्टाने येतो. तो आला तेव्हा मी नेमकी बाहेरगावी, परत येईस्तो मुदत संपलेली. पुन्हा मागवला. मग एक दिवस पेटीत निळं पाकीट! घरातली डच मुलगी म्हणाली, निळं म्हणजे टॅक्सवाले. ४ दिवस ते फ्रिजवर तसंच ठेवलं होतं, उघडायची हिंमत नाही. उघडलं तर ते मला पैसे देत होते.

आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "सरकार फुकट देत नाही, परत मागेल बघ." आणि मागितलेच! सप्टेंबरात पूर्ण वेळ नोकरी लागली, आणि उत्पन्नाचा आकडा बदलायचा असतो हे माझ्या गावीही नाही. भत्ता वर्षभराच्या अंदाजावर आगाऊ मिळतो, खरा हिशोब नंतर. पुढच्या वर्षी निळं पाकीट, ह्या वेळी उलट दिशेने. आप्पा अजून ऐकवतात.

तुमचे किस्से लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

मोगरा_आयंडहोवन
आमचा घोळ "पार्टनर" ह्या शब्दाचा. मी इथे, नवरा नाशकात, त्याचा व्हिसा व्हायचा होता. फॉर्मने विचारलं पार्टनर आहे का. मी म्हटलं इथे कुठे आहे, नाही लिहून मोकळी. लग्न झालेलं असलं की तो चंद्रावर असला तरी पार्टनर, आणि त्याचा नाशकातला पगारही मोजतात. सगळा भत्ता परत. २४ हप्त्यांत फेडला. शेवटचा हप्ता गेला तेव्हा नवरा येऊन वर्ष झालं होतं, दोघांनी केक कापला.

कोथरूड_ते_खोनिंगन
माई, खिचडीचं वाचून डोळ्यात पाणी. मी मॅगीवर होतो.

नवखा२५
मोबाईलवरून लिहितोय, चूभूद्याघ्या. हा भत्ता घेतला तर रेसिडन्स परमिटला धोका नाही ना? रूममेट म्हणतो सरकारी मदत घेतली की परमिट जातं.

डेल्फ्टची_माई
नाही रे. तो म्हणतोय ते बायस्टँड, म्हणजे निर्वाहभत्ता. त्याने अडचण येऊ शकते. विम्याच्या भत्त्याने नाही. परमिट वैध हवं, इथली बेसिक पॉलिसी हवी आणि उत्पन्न मर्यादेत हवं.

नवखा२५
मर्यादा किती?

आकडेमोड
२०२५ साठी एकट्या माणसाला वर्षाचं ३९,७१९ युरो, दोघांचं मिळून ५०,२०६. जास्तीत जास्त भत्ता त्या वर्षी एकट्याला महिना १३१ युरो. उत्पन्न वाढेल तसा कमी होत जातो. पगारावर मिळणारे सुट्टीचे ८ टक्के धरा हं, ते सगळे विसरतात आणि मग मेमध्ये बोंब. आणखी एक, खातं स्वतःच्याच नावाचं हवं, मित्राचं चालत नाही. पैसे २० तारखेच्या आसपास येतात, पुढच्या महिन्याचे.

पिंपळपान
पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. तो सांगायचा का? (कुजबुजत विचारतेय)

आकडेमोड
सांगायचा. १ जानेवारीला मालमत्ता किती ते बघतात, भारतातलीही. २०२५ ला एकट्याला मर्यादा १,४१,८९६ युरो होती. कर्ज असेल तर वजा होतं. तुमचा फ्लॅट कुठे आहे त्यावर आहे. बाणेरला असेल तर विसरा.

पिंपळपान
धायरी 😀

कोथरूड_ते_खोनिंगन
धायरी म्हणजे अर्ज करून टाका

सुगरणबाई
मला ह्या भत्त्यातलं काही कळत नाही, ह्यांच्या पगारामुळे बसतच नाही आम्ही. पण ते आयखन रिसिको (बिलातला आपण भरायचा वाटा) कुणीतरी भाचीला समजावा! लेकाला ताप म्हणून डॉक्टरांकडे नेलं, फुकट (१८ च्या आतली मुलं फुकटच असतात). डॉक्टर म्हणाले पॅरासिटामॉल द्या. मग मला थकवा, गेले, तेही फुकट, पॅरासिटामॉल. मी हट्टाने रक्त तपासून घेतलं. तपासणीचं बिल घरी! का तर वर्षाचे पहिले ३८५ युरो आपले. हाउसआर्ट्सकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जाणं त्यात धरत नाहीत, त्यांनी सांगितलेली तपासणी धरतात. आणि रिपोर्टमध्ये निघालं काय, ड जीवनसत्त्व कमी. ते तर खिडकीबाहेर बघून मीच सांगितलं असतं.

मोगरा_आयंडहोवन
:)) पॅरासिटामॉलवर वेगळा धागा काढा हो कुणीतरी

जुना_ट्यूलिप
मी २००५ मध्ये आलो, ही सक्तीच्या विम्याची पद्धत २००६ पासूनची. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत आली. ३८५ चा आकडा २०१६ पासून तोच आहे, त्याआधी दरवर्षी चढायचा, २०१४ ला ३६० होता. तरुण मंडळी हौसेने तो ८८५ करून घेतात, हप्ता कमी होतो म्हणून. सायकलवरून पडेपर्यंत ठीक असतं.

मला सांगायचंय ते वेगळंच. मुलगी १८ ची झाली. आम्ही केक, फोटो सगळं केलं. १८ झाल्यावर तिची स्वतःची पॉलिसी आणि तिचा स्वतःचा भत्ता, हे डोक्यातच नाही. आईबापांचा पगार मोजत नाहीत, तिचा एकटीचा मोजतात, म्हणजे तिला पूर्ण मिळणार होता. १० महिन्यांनी तिनेच शोधून काढलं. मागच्या महिन्यांचाही मागता आला, नशीब. आता तीच मला फॉर्म भरायला शिकवते.

भटकंती_जोशी
मला तर भीतीच वाटते ह्या भत्त्यांची. २०२१ ला पंतप्रधान रुटेंचं सरकार गेलं ते भत्त्यांवरूनच ना? हजारो कुटुंबं देशोधडीला लागली, त्यात परदेशी मुळाची किती. मी हक्क असूनही घेतला नाही.

जुना_ट्यूलिप
ते पाळणाघराच्या भत्त्याचं प्रकरण. भीती समजू शकतो, आमच्या ओळखीत एक कुटुंब त्यात पोळलंय. पण हक्काचे पैसे सोडायला ते कारण नको. फक्त उत्पन्न बदललं की त्याच आठवड्यात कळवायचं.

भटकंती_जोशी
भावना पोचल्या. पण बायको म्हणते कुणाचं घेणं नको.

डेल्फ्टची_माई
वहिनी आणि आप्पा एकाच शाळेतले. राजकारण नको हं मंडळी, नातवंडांसारखं सांभाळलंय धाग्याला.

खरडवही
+१ मोगरा. माझी चूक, नोकरी संपून भारतात परत गेलो आणि भत्ता थांबवायचं राहिलं. पत्रं जुन्या पत्त्यावर. जाण्यापूर्वी विमा, भत्ता दोन्ही बंद करा, खेमेन्टेतून (नगरपालिकेतून) नाव काढा. त्याच वेळी डिजीडीला भारतातला नंबर लावून ठेवा, नाहीतर तिकडून लॉगिन होता होत नाही.

नवखा२५
एक जण ७५ युरो घेऊन फॉर्म भरून देतो म्हणतोय, देऊ का?

आकडेमोड
अजिबात नाही!! फॉर्म फुकट आहे. अडलं तर लायब्ररीत जा, सरकारी कामं ऑनलाइन करायला तिथे मदत करतात. इंग्रजी बोलतात.

सुगरणबाई
आणि तिथे हीटिंग छान असतं. मी नुसती बसायला जाते.

पिंपळपान
खोनिंगनमध्ये ज्वारीचं पीठ मिळतं का हो? अवांतराबद्दल क्षमस्व

कोथरूड_ते_खोनिंगन
मिळतं पण जुनं असतं, भाकरी थापली की नकाशा होतो. व्यक्तिगत निरोप करतो.

डेल्फ्टची_माई
अपडेट. भाचीने विमा घेतला, अर्ज केला. मी बजावलं होतं की वर्षाचं उत्पन्न जरा चढंच लिही, कमी मिळालं तर नंतर देतात. तर आता विचारतेय, कॅफेवाला जास्त तास देतोय, घेऊ का?

आकडेमोड
आठवड्याला १६ च्या वर नाही हं. भारतीय विद्यार्थ्यांना तेवढीच परवानगी. किंवा जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ. दोन्हीपैकी एकच.

डेल्फ्टची_माई
अरे देवा. तिने हो म्हटलंय त्याला. फोन करते.