मदत हवी आहे: ट्रक टाळून इंदूरहून सायकलने महेश्वर

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला की बायको आणि मी सायकलने महेश्वरला जायचं म्हणतोय. खंडवा रोड नको. सिमरोलच्या पुढे भैरव घाटात वळणावर मागून ट्रक आला की बाजूला व्हायला जागाच नसते, आणि धूर वेगळाच.

म्हणून महूवरून जाम गेट आणि तिथून खाली मंडलेश्वर, असा विचार आहे. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा ऐन विंध्याच्या कडेवर उभा आहे. तिथून खाली निमाड दिसतं आणि मग नुसता उतार. आमच्या रोड बाइक आहेत, टायर 28 मिमीचे. गेटखालच्या वळणांवर डांबर धड आहे का, की पावसाने खडी वर आलीये? ब्रेक धरून धरून हात भरून येतात, त्यात खडी म्हणजे संपलंच.

खरी काळजी परतीची आहे. इंदूर साडेपाचशे मीटरवर, नर्मदाकाठ दीडशेच्या आसपास. म्हणजे किमान चारशे मीटर पुन्हा चढायचे. पहाटे निघून घाट उन्हाआधी पार होतो का? वाटेत पाणी कुठे मिळतं? रविवारी गेटवर जीप-मोटरसायकलींची जत्रा असते, म्हणून मधला वार धरतोय.

चोरल नदीकाठाने काळाकुंडकडे जाणारा रस्ता रोड बाइकला झेपेल का, तेही सांगा. तिथला पानातला कलाकंद खायचाय, पण त्यासाठी रिम वाकवायची तयारी नाही. आणि कृपया 'कारने जा' असं कुणी सुचवू नका, ते सासूबाई रोज सांगतात.