पुराच्या कामासाठी दुकानदारांशी आधीच लेखी करार करावेत का?

लक्ष्मीपुरीकर:
जुलै उजाडला की कोल्हापुरात एकच प्रश्न, मच्छिंद्री झाली का, म्हणजे पंचगंगेचं पाणी शिवाजी पुलावरच्या खुणेला लागलं का? राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तरी प्रशासनाची धावपळ सुरू होते ती पाणी गल्लीत आल्यावरच. माझं म्हणणं, मे महिन्यातच घाऊक दुकानदार, पेट्रोलपंपवाले, टँकरवाले, जेसीबीवाले यांच्याशी लेखी करार करा. माल किती राखायचा, दर काय, गोदामाची किल्ली कुणाकडं, बिल किती दिवसांत, सगळं कागदावर.
२०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, बाहेरून माल येणं बंद. रात्री अकराला निवारा केंद्रासाठी एक साहेब तांदूळ मागायला आले. २० पोती दिली. पावतीबुक सापडेना, लाईट नव्हती. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, बॅटरीच्या उजेडात त्यावर सही घेतली. बिल आजतागायत निघालेलं नाही.

पंपावरचा:
दादा, तुमच्याच गोष्टीत तुमचं उत्तर आहे. पुठ्ठ्यावरच्या सहीचे पैसे निघत नाहीत, करारावरच्या सहीचे निघतील कशावरून? आणि कराराची गरजच काय? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं ६५ वं कलम वाचा. वाहन, जागा, सामान, काहीही ताब्यात घ्यायचा अधिकार प्रशासनाला आहेच. २०१९ ला आमच्या पंपावर इंधन फक्त अत्यावश्यक गाड्यांना होतं. पाळलं आम्ही. शिव्या कुणी खाल्ल्या? नोजल धरून उभ्या असलेल्या पोरानं. वर राखीव साठा ठेवायचा म्हणजे माझं भांडवल टाकीत अडकणार. त्याचं व्याज कोण देणार?

कुंभार गल्ली:
मला तर हा विचारच पटत नाही. हायवेवर अडकलेल्या ट्रकवाल्यांना जेवण कुणी घातलं? करार करून घातलं का? तालमीची पोरं पातेली घेऊन गेली, हॉटेलवाल्यांनी चुली पेटवल्या. कागद आला की टेंडर येणार, टेंडर आलं की ओळखीचा माणूस येणार. आणि बाकीचे म्हणणार, 'ज्याचा करार आहे त्याला सांगा.'

तारापूरचा सेफ्टीवाला:
बाहेरचा आहे, तरी बोलतो. आमच्याकडं कारखान्यांचा 'मार्ग' नावाचा परस्पर मदत गट असतो. आग लागली तर शेजाऱ्याचा फोम आणि बंब यायचा, हे आधीच ठरलेलं. मॉकड्रिलमध्ये कळतं की नळीचा कपलर जुळत नाही. ते आग लागल्यावर कळलं असतं तर? कागदापेक्षा ही तालीम महत्त्वाची.

पंपावरचा:
तुमच्यावर भोपाळनंतर १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम बसले म्हणून सगळे एकत्र आले. किराणा दुकानदारावर असे नियम कोण बसवणार? आणि बसवूही नयेत.

लक्ष्मीपुरीकर:
@पंपावरचा ६५ च्या पुढचं ६६ पण वाचा की. मोबदल्याचा हिशेब तिथं जागेचा आणि वाहनाचा आहे. तांदळाच्या पोत्याचा नाही. म्हणून तर आधी कागद पाहिजे! साठ्याच्या व्याजाचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते करारात धरावंच लागेल.
@कुंभार गल्ली भाकरी-आमटीला करार नकोच. पण डिझेल, पाणी, पोती यांना पाहिजे. चार दिवस उत्साहावर निघतात, पाचव्या दिवशी गोदाम रिकामं होतं.

टँकरवाला ०९:
२०१९ आणि २०२१ ला शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. मग आमची आठवण. करार करतो मी, पण दर कुठला? मे महिन्यातला दर पुरात परवडत नाही, तिप्पट लांबून फिरून यावं लागतं. आणि फेरी मोजणारा माणूस त्यांचा पाहिजे, माझा नको. नंतर म्हणतात फेऱ्या फुगवल्या.

कुंभार गल्ली:
हे बघा, सुरू झालं दराचं.

टँकरवाला ०९:
डिझेल काय फुकट मिळतंय होय?

पंपावरचा:
लक्ष्मीपुरीकर, आधी त्या २० पोत्यांचं बिल काढून आणा. मग माझ्या पंपाची सही घ्यायला या, चहा मी पाजतो.

लक्ष्मीपुरीकर:
पुठ्ठा आहे अजून, गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात. शाई जरा उडालीय. सोमवारी परत जातो.