सोसायटीचा ग्रुप : जानेवारीची सहल आणि ‘सैराट’चं गाव

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सोसायटीची एक दिवसाची सहल काढायची आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर सोडून ठिकाण सुचवा. पाहुणे आले की ती तिन्ही आपण करतोच.

पिंटू: सैराट! करमाळा, जेऊर, उजनीचा काठ. रील पण लै भारी होतील 🔥

अण्णा: काय बे पिंटू, २०१६ चा सिनेमा तो. तेव्हा तू हाफ चड्डीत होतास.

पिंटू: म्हणून तर बघायचं राहिलंय की ओ अण्णा.

ए विंग काकू: त्यापेक्षा मेणवली करा. ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे आपलं वाई-मेणवलीच. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली ती पोर्तुगीज घंटा. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली आहे म्हणतात. शूटिंग झालं नसतं तरी मी त्या घाटावर दिवसभर बसले असते.

सेक्रेटरी: काकू, वाई एका दिवसात? जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या आसपास जातंय. म्हातारी माणसं आहेत बसमध्ये.

ए विंग काकू: म्हातारी कोणाला म्हणताय?

अण्णा: 😂

रेल्वेकाका: सिनेमाच्या जागा शोधत जायचं तर आधी एक ऐकून घ्या. नोकरीत असताना बेंगळुरूला गेलो होतो. सुट्टीचा दिवस होता, म्हैसूरच्या गाडीत बसलो आणि रामनगरला उतरलो. पन्नासेक किलोमीटर आहे. म्हटलं, ‘शोले’चं रामगढ बघू. रिक्षावाला म्हणाला, दगड दाखवतो, गाव नाही. आणि तसंच निघालं. अख्खं रामगढ हा कलादिग्दर्शक राम येडेकरांनी माळावर उभा केलेला सेट होता, काम झाल्यावर काढून टाकला. ना पाण्याची टाकी, ना ठाकूरची हवेली. आणि ती रेल्वेवरची मारामारी तर तिथली नाहीच! ती पनवेलजवळ घेतलीय, सात आठवड्यांहून जास्त चालली होती. आम्ही रेल्वेवाले सिनेमा बघताना माणसं कमी बघतो, रूळ जास्त.

रेल्वेकाका: ‘दिलवाले दुल्हनिया’च्या शेवटी शाहरुख हात देतो ते स्टेशन पंजाबातलं वाटतं ना? ते रायगड जिल्ह्यातलं आपटा आहे. पनवेलवरून रोह्याकडे जाताना लागतं.

पिंटू: काका, म्हणजे तुम्ही रामनगरला जाऊन फुकट हेलपाटा मारला.

रेल्वेकाका: कोण म्हणतं? टेकड्या तर आहेत की. असले दगड आपल्याकडं नाहीत. रामदेवर बेट्टावर पायऱ्या चढून गेलं की रामाचं देऊळ आहे, आणि २०१२ पासून तो भाग गिधाडांसाठी राखून ठेवलाय. गब्बर विसरलो मी तिथं. दुपारभर वर बघत बसलो.

टीचर ताई: मला सिनेमाच्या जागेवर गर्दी करणं या प्रकाराचाच जरा राग आहे. ‘थ्री इडियट्स’मधली लडाखची शाळा आठवते? खरीखुरी चालू शाळा आहे ती, शे गावात. सिनेमात दाखवलेल्या त्या भिंतीपाशी फोटो काढायला लोक येऊ लागले, इतके की मुलांच्या शिकण्यात व्यत्यय यायला लागला. २०१८ मध्ये शेवटी शाळेनं ती भिंतच तिथून हलवायचं ठरवलं. वर्ग चालू असताना खिडकीतून मोबाइल आत आला तर मी काय करीन ते पिंटूला विचारा. माझा विद्यार्थी आहे तो.

पिंटू: छडी.

अण्णा: मग जायचं का नाही ते सांगा राव. एवढ्यात हुरडा संपेल.

करमाळ्याच्या वहिनी: माझं माहेर करमाळा तालुक्यातलं, म्हणून बोलते. अवश्य या, पण थोडं समजून या. सिनेमातलं बिटरगाव नावाचं गाव आमच्या तालुक्यात खरंच आहे, पण पडद्यावर दिसतं ते गाव एक नाही. वेगवेगळ्या गावांतले रस्ते, रानं, घरं जोडून ते झालंय. नागराज मंजुळे जेऊरचे, त्यांना प्रत्येक बांध माहिती. आपण गाडीतून उतरून “ती जागा कुठंय” विचारलं की माणसं हात दाखवतात चारी दिशांना, आणि चौघंही खरं बोलत असतात. “आर्चीचं घर कुठलं” असं तर विचारूच नका. रिंकू राजगुरू अकलूजची, माळशिरस तालुक्यातली. ज्यांच्या दारात शूटिंग झालं त्यांना नंतर वर्षभर अनोळखी माणसांना पाणी देत बसावं लागलं. गावात पाणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत, म्हणून मागायचंच असं नाही.

करमाळ्याच्या वहिनी: दुसरं उजनीचं. तुम्हाला तो काठ हवाय ना? काठ एका जागी नसतोच तिथं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की मैलभर भेगाळलेली जमीन उघडी पडते, प्लसमध्ये आलं की तीच जमीन पाण्याखाली. जानेवारीत पाणी बऱ्यापैकी असतं. ज्या वळणावर तुम्ही सिनेमात वाळकं रान बघितलं तिथं होडी दिसेल. पलीकडं इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ तर उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तरच अख्खं बाहेर येतं.

करमाळ्याच्या वहिनी: आणि हे पाणी सिनेमापुरतं नाही आमच्यासाठी. १९८० ला धरण पुरं झालं, ११७ टीएमसीचं. भीमेकाठची काळी जमीन गेली त्यात. माझ्या आजीचं गाव खाली आहे. आजी काठावर आली की बोटानं दाखवायची, इथं चिंच, इथं पार, इथं आमची विहीर. आम्हाला नुसतं पाणी दिसायचं. आपल्या सोसायटीच्या नळाला येतं ते तेच पाणी. पोरांना फोटो काढू दे की, कोण नको म्हणतंय. पण हे पण सांगा त्यांना.

ए विंग काकू: वहिनी, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

करमाळ्याच्या वहिनी: कुणी विचारलंच नाही काकू. नाहीतर ग्रुपवर पार्किंगशिवाय विषय निघतो का?

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय इथे नको.

पिंटू: वहिनी, मग बघायचं काय नक्की?

करमाळ्याच्या वहिनी: कमलाभवानीचं देऊळ. करमाळ्याच्या बाहेर श्रीदेवीच्या माळावर. रावरंभा निंबाळकरांनी १७२७ च्या सुमारास बांधलेलं. गोपुरं दक्षिणेकडच्या देवळासारखी, बाहेर उंच दीपमाळा, खांब ९६, आणि जवळच्या विहिरीला पायऱ्या पण ९६. लहानपणी आम्ही पैज लावून मोजायचो आणि दरवेळी आकडा वेगळाच यायचा. विहीर बघायला उतरताना चप्पल काढा, पायऱ्या गुळगुळीत आहेत. मग काठावर जाऊ. संध्याकाळी आमच्या भावाच्या रानात हुरडा, त्याला मी कळवते.

अण्णा: हे ऐकल्यावर मी सिनेमा बघितला नसला तरी येतोय.

टीचर ताई: अण्णा, तुम्ही ‘सैराट’ बघितला नाही??

अण्णा: शेवट ऐकला होता. मला नाही सोसत तसलं.

पिंटू: एक शंका. आपल्या सोलापूरवर एवढा मोठा सिनेमा का नाही झाला कधी?

रेल्वेकाका: झालाय बाळा. १९४६ मध्ये. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. शांताराम स्वतः डॉक्टर झाले होते, जयश्री त्यांच्या चिनी बायकोच्या भूमिकेत. पण चित्रीकरण सोलापुरात नाही. राजकमल म्हणजे मुंबईचा स्टुडिओ, चीनसुद्धा तिथंच उभा केला. आता गंमत बघ. ज्या घरात द्वारकानाथ कोटनीस १९१० ला जन्मले ते घर आपल्या भैय्या चौकात आहे, स्मारक केलंय त्याचं. १९३८ ला भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले, वय फक्त ३२. तिकडून पाहुणे येतात बघायला. ग्रुपमधले किती जण आत गेलेत, हात वर करा.

ए विंग काकू: मी.

टीचर ताई: मी, शाळेच्या मुलांना घेऊन.

सेक्रेटरी: मी रोज तिथून स्टेशनला जातो... आत गेलेलो नाही.

पिंटू: मी पण नाही 🙈

रेल्वेकाका: ४८ फ्लॅटांतून दोन हात. चला, रामनगरला जाऊन आलेला मी तरी कुणाला बोलणार.

ए विंग काकू: तुम्ही स्वतः गेलात का हो पण आत?

रेल्वेकाका: गेलोय. रिटायर झाल्यावर 🙂

सेक्रेटरी: बरं, ठरवू या. करमाळा नक्की. सकाळी सहाला बस गेटवरून सुटेल, टेंभुर्णीत नाष्टा, मग कमलाभवानी, उजनीचा काठ, वहिनींच्या भावाकडे हुरडा. कोटनीस स्मारक त्याआधीच्या रविवारी सकाळी, चालत. त्याला वर्गणी नाही. गावात कोणाच्या घरात किंवा रानात न विचारता शिरायचं नाही, ड्रोन आणायचा नाही.

पिंटू: ड्रोन कुणाकडे आहे ओ?

सेक्रेटरी: बी-४०३ ने घेतलाय. मला माहितेय.

रेल्वेकाका: मी बसनं येणार नाही. जेऊरला स्टेशन आहे, सोलापूर-पुणे मार्गावरच. कुर्डुवाडीच्या पुढं केम, मग जेऊर. ज्यांना यायचंय त्यांना केमचं कुंकू कसं होतं ते गाडीत सांगीन. जेऊरला थांबणारी सकाळची गाडी कोणती ते बघून टाकतो, मागच्या टाइमटेबलवर भरवसा नको.

टीचर ताई: मी गाडीनं. मुलगा पण.

अण्णा: मी बसनं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडं. दही कुणीतरी घ्या.

ए विंग काकू: दही माझ्याकडे. आणि मेणवली मे महिन्यात, मुक्कामी. सेक्रेटरी, आत्ताच लिहून ठेवा.

सेक्रेटरी: लिहिलं.

पिंटू: काका, बस जेऊरला तुम्हाला घ्यायला येणार का तुम्ही बसला शोधणार?

रेल्वेकाका: बस टेंभुर्णीच्या नाष्ट्यात अडकणार हे ठरलेलं आहे. आम्ही तोवर स्टेशनबाहेर चहा घेऊ.