अनुभव धागा: सुबारू – चारही चाकं आणि झोपलेलं इंजिन

अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळींच्या दारात सुबारू ही जपानी गाडी बऱ्यापैकी दिसते. भारतात ती अधिकृतपणे विकली जात नाही, त्यामुळे मराठीत तिच्याबद्दल धड काही वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. एकच विनंती: "आमची पहिली गाडी" छापाच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू. इथे मॉडेल, वर्ष, इंजिन, काय बिघडतं, का बिघडतं आणि त्यावर काय करायचं, तेवढंच लिहा.

सुरुवात इतिहासापासून करतो, कारण या गाडीची आजची देखभाल तिथेच ठरली आहे. मूळ कंपनी नाकाजिमा, 1917 पासून विमानं बनवणारी, गुन्मा प्रांतातल्या ओता गावची. युद्ध हरल्यावर विमानं बंद झाली आणि 1946 मध्ये त्याच लोकांनी रॅबिट नावाची स्कूटर काढली. पुढे कंपनीचे तुकडे पाडले गेले. त्यातले पाच एकत्र येऊन 1953 मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली. तिच्या गाड्यांचं नाव सुबारू, म्हणजे जपानीत कृत्तिका. बोधचिन्हातल्या कृत्तिकांमध्ये एक मोठा आणि पाच लहान तारे आहेत ते त्यामुळे. 1958 ची सुबारू 360 म्हणजे 356 सीसीची, मागे इंजिन असलेली चिमुकली गाडी. तिच्या प्रेमात पडणारे पुष्कळ, पण आपल्या विषयाची गाडी ती नव्हे.

आपली गाडी 1966 ची सुबारू 1000. तिच्यात चार सिलिंडर दोन-दोन करून एकमेकांकडे पाय करून झोपलेले, इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागे लगेच गिअरबॉक्स, आणि ओढ पुढच्या चाकांना. ही मांडणी असली की गिअरबॉक्सच्या मागून एक सरळ शाफ्ट काढून मागच्या चाकांना जोडणं फार अवघड राहत नाही. ही गोष्ट कंपनीच्या आधी एका गिऱ्हाइकाच्या लक्षात आली. तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीला बर्फातल्या लायनींच्या कामासाठी जीपपेक्षा आरामशीर गाडी हवी होती. मियागीच्या सुबारू विक्रेत्याने 1300 सीसीच्या गाडीला निसान ब्लूबर्डचा मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारा गिअरसंच) जोडून नमुना तयार केला. 1972 मध्ये सुबारूची लिओनी स्टेशन वॅगन ऑल-व्हील ड्राइव्हसह, म्हणजे चारही चाकांना ओढ देत, बाजारात आली. तेव्हा मागची चाकं लिव्हरने जोडावी लागत. कायमची जोडणी नंतरची.

आता तुम्ही लिहा.

डेन्व्हर, कोलोरॅडो

टायरपासून सुरू करतो. सुबारू घेणारे सगळ्यात जास्त इथेच मार खातात.

चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण 6 मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. घेरात 6 मिमी म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम 1 मिमी. नवा टायर 8 मिमीच्या आसपास असतो. बाकीचे तीन 5 मिमीवर आलेले असताना एक फुटला म्हणून एकच नवा टाकला, की ते चाक इतरांपेक्षा कायम कमी वेगाने फिरणार. हा फरक पुढची आणि मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या क्लचला किंवा व्हिस्कस कपलिंगला (दाट द्रवावर चालणाऱ्या जोडणीला) सोसावा लागतो. तो भाग वळणावरच्या थोड्या वेळाच्या फरकासाठी बनवलेला आहे. सरळ महामार्गावर तासन्तास घसरत राहिला तर तापतो आणि कडक होऊन बसतो.

तपासणी सोपी आहे. कोरड्या, मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडखळत, उड्या मारत फिरली तर मधला क्लच सुटत नाहीये. जुन्या चार-गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये बऱ्याचदा दोष क्लचवर दाब सोडणाऱ्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या झडपेचा) निघतो आणि पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. आधी गिअरबॉक्सचं तेल बदलून बघा.

एकच टायर घ्यायची वेळ आली तर दुकानात "शेव्हिंग" करून मिळतं का ते विचारा: नवा टायर मशीनवर खरवडून बाकीच्यांच्या खोलीला आणतात. घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते, मात्र चारही टायरमध्ये हवा सारखी भरून मगच मोजा. आणि दर 6,000 मैलांना, म्हणजे 10,000 किमीच्या आत, टायर पुढचे मागे करा. पुढचे लवकर झिजतात.

दुसरं, बर्फातलं. ऑल-व्हील ड्राइव्हने गाडी निघते छान, पण ब्रेक लावल्यावर तिचा काडीचा उपयोग नसतो. तिथे कामाला येतं ते टायरचं रबर. तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर घ्या. आमच्याकडे आय-70 महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे गाडी ऑल-व्हील असली तरी नक्षी किमान 3/16 इंच, म्हणजे 4.8 मिमी लागते. कायद्याची ही रेघ अगदी शेवटची समजा. हिवाळ्याच्या तोंडावर 5 मिमी उरली असेल तर मी नवे घ्यायला सांगेन.

खोल बर्फात रुतलात तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. नाहीतर चाक घसरतंय म्हणून संगणक ताकद कापतो आणि गाडी जागेवर मरते. एक्स-मोड (घसरड्या, खराब जागेसाठीचं सुबारूचं बटण) असेल तर तो लावा, पण साधारण 40 किमी वेगाच्या वर तो आपोआप सुटतो हे ध्यानात ठेवा.

एडिसन, न्यू जर्सी

हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या गळती रोखणाऱ्या पट्टीचा, विषय कोणीतरी काढणारच, तर मीच काढतो. "सुबारूचं गॅस्केट जातं" हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या इंजिनचं, ते आधी सांगा.

2.5 लिटर, डबल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट प्रत्येक हेडला दोन), साधारण 1996 ते 1999: यात गॅस्केट आतल्या आत फुटतं. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) शिरतो. गाडी गावात नीट चालते आणि महामार्गावर लांब चढाला तापमानाचा काटा अचानक वर चढतो, हीटरमधून गार हवा यायला लागते. कूलंटच्या राखीव टाकीत बुडबुडे आणि काळपट तवंग दिसतो. खात्री करायला ब्लॉक टेस्टर वापरा: रेडिएटरच्या तोंडावर नळी धरायची, तिच्यातलं निळं द्रावण पिवळं झालं की निकाल लागला.

2.5 लिटर, सिंगल कॅम, त्यानंतरची साधारण 2011 पर्यंत: यात गळती बाहेर होते. हेड आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे खालच्या कडेला आधी तेलाचा ओलावा, मग कूलंट. गाडी तापत नाही, त्यामुळे लोक बघतच नाहीत. दर ऑइल बदलाला गाडी वर असतेच. टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंची ती कड बघायला दोन मिनिटं लागतात. नुसता ओलावा असेल तर लगेच इंजिन उतरवायची घाई नको, लक्ष ठेवा. कूलंटची पातळी उतरायला लागली की मात्र थांबू नका.

कारण काय? सिलिंडर आडवे असल्याने तेल आणि कूलंट गॅस्केटच्या खालच्या कडेवर कायम साचून राहतात, आणि मूळ गॅस्केट एका थराचं, लेप दिलेलं होतं. लेप झिजला की वाट मोकळी. दुरुस्ती करताना अनेक थरांचं पोलादी गॅस्केटच टाका, टर्बो इंजिनांना वापरतात त्या धर्तीचं. दोन्ही बाजू एकदम करा. हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेतल्याशिवाय नवं गॅस्केट टिकत नाही. स्वस्तात करून देणारे नेमकी हीच पायरी गाळतात. इंजिन बाहेर काढलेलंच आहे तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, सगळ्या पुली आणि पाण्याचा पंप त्याच वेळी बदला. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात. अमेरिकेत बेल्टची मुदत 105,000 मैल छापलेली आहे, पण दगा देते ती बहुतेक वेळा पुलीची बेअरिंग, बेल्ट नव्हे.

2011 पासून फॉरेस्टरमध्ये आणि नंतर इतरांत आलेल्या एफबी मालिकेच्या इंजिनांत बेल्टऐवजी चेन आहे आणि गॅस्केटची जुनी तक्रारही मागे पडली. तिथला त्रास वेगळा: पहिल्या काही वर्षांच्या इंजिनांत पिस्टनच्या ऑइल रिंगमुळे तेल जळतं. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक क्वार्ट, म्हणजे 0.95 लिटरचं अंतर आहे. सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी, दर दुसऱ्या पेट्रोल भरण्याला बघा. दिवा लागायची वाट बघू नका.

वरच्याला पुरवणी, मिसिसॉगा

ऑइल बदलाबद्दल एक धोक्याची सूचना. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेल्या सुबारूखाली गेलात की एकाहून जास्त निचऱ्याचे बोल्ट दिसतात: इंजिन ऑइलचा, सीव्हीटीचा आणि पुढच्या डिफरन्शियलचा. घाईच्या दुकानात भलताच बोल्ट उघडला जातो. मग नवं इंजिन ऑइल ओतलं की गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट तेल. खाली काळपट तेलाऐवजी स्वच्छ रंगीत तेल पडायला लागलं तर तिथेच थांबवा आणि इंजिन अजिबात सुरू करू नका. एफबी इंजिनाचा फिल्टर वर, बॉनेटखाली समोरच आहे, त्यामुळे हे काम घरी करणं खरंच सोपं आहे.

आमच्याकडे, कॅनडात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा प्रश्नही आहे. वापरलेली गाडी घेताना मागच्या चाकांवरचा पत्रा, मागचा सबफ्रेम आणि ब्रेकच्या नळ्या बघा. बाकी सगळं दुरुस्त होतं, गंज होत नाही.

ऑकलंड

इथे थेट जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्या भरपूर, त्यामुळे आमची डोकेदुखी वेगळी. 1990 च्या दशकातल्या लेगसी जीटीमध्ये 2 लिटरला दोन टर्बो लागोपाठ चालतात. पहिला टर्बो संपून दुसरा जोर धरेपर्यंत, मिनिटाला 4,000 ते 4,500 फेऱ्यांच्या आसपास, ताकद गळाल्यासारखी वाटते. थोडी घसरण हा त्या रचनेचा स्वभावच आहे. ती खड्ड्याएवढी जाणवली तर व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा. डझनावारी आहेत आणि जुन्या झाल्या की तडकतात.

जपानी ट्यूनिंग 100 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी असतं. अशा टर्बो गाडीत 95 घालून जोरात चालवली तर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) होऊन पिस्टनच्या रिंगांमधला भाग फुटतो. मिळेल ते सर्वात वरचं पेट्रोल घाला. टायमिंग बेल्ट बदलला असेल तर किमी आणि तारीख लिहिलेला स्टिकर बहुधा बॉनेटखाली सापडतो. स्टिकर नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा.

बर्मिंगहॅम, इंग्लंड

रॅलीबद्दल कोणीच लिहिलं नाही! निळ्या रंगावर पिवळी अक्षरं आणि सोनेरी चाकं, हे रूप सुबारूचा रॅली संघ चालवणाऱ्या इंग्लंडमधल्या प्रोड्राइव्ह कंपनीने उभं केलं. कॉलिन मॅक्रेने 1993 मध्ये न्यूझीलंडला लेगसीतून जागतिक रॅली स्पर्धेतली पहिली फेरी जिंकली. मग इम्प्रेझातून तीन चालक विश्वविजेते झाले: मॅक्रे 1995, रिचर्ड बर्न्स 2001, पेटर सोलबर्ग 2003. कंपनी म्हणून 1995 ते 1997 सलग तीन किताब. 2008 च्या डिसेंबरमध्ये सुबारूने स्पर्धेतून अंग काढून घेतलं.

जुनी एसटीआय (इम्प्रेझाची सर्वात जोरदार आवृत्ती) बघायला जाताना नुसती टेस्ट ड्राइव्ह पुरत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडर दाब किती धरतो आणि तो कुठून गळतो, याच्या चाचण्या) करून घ्या, थंड इंजिन स्वतः सुरू करून ऐका. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. सुरुवातीची थोडी खटखट गरम झाल्यावर जात असेल तर ती पिस्टनची. गरम झाल्यावर खालून ठोका वाढत असेल तर बेअरिंग, तिथून निघा.

पोर्टलंड, ओरेगॉन

अमेरिकेत ही गाडी एवढी का रुजली, त्याचं उत्तर तांत्रिक आहे तसंच धंद्याचंही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला विक्री घसरली, तेव्हा इतरांशी सेदान विकण्यात टक्कर देण्याऐवजी त्यांनी विचारलं की जास्त पैसे मोजून ऑल-व्हील घेतंय कोण? पाच गट निघाले: शिक्षक, आरोग्यसेवेतले लोक, आयटीवाले, डोंगर-नद्यांत भटकणारे आणि समलैंगिक स्त्रिया. त्या काळात या शेवटच्या गटासाठी उघड जाहिराती करायला फार थोड्या कंपन्या धजावत. त्याच सुमारास लेगसी वॅगन उंच करून आउटबॅक आली. साध्या आउटबॅकची जमिनीपासून उंची 8.7 इंच, विल्डरनेस या तिच्या जास्त उंच आवृत्तीची 9.5. बसायला गाडीसारखी, कच्च्या रस्त्याला जीपच्या जवळ जाणारी.

आयसाइट (कॅमेऱ्याने रस्ता बघून चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची पुढची काच हा स्वतंत्र खर्च आहे. दोन कॅमेरे काचेला आतून चिकटून बघत असतात. काच बदलली की कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशन (नजर पुन्हा जुळवणं) करावंच लागतं. विम्याच्या कोटेशनमध्ये ते धरलंय का ते आधी लेखी घ्या.

धागाकर्ता

दोन प्रश्न व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) आले, त्यांची उत्तरं इथेच देतो.

छोट्या स्पेअर चाकाचं काय? ते मागेच लावायचं. पुढचा टायर फुटला तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्पेअर मागे. जुन्या चार-गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये बॉनेटखाली "एफडब्ल्यूडी" (फक्त पुढच्या चाकांना ओढ) लिहिलेली फ्यूजची मोकळी जागा आहे; तिथे फ्यूज घातला की मागची चाकं सुटतात. सीव्हीटीच्या गाड्यांत ही सोय शोधत बसू नका, सरळ हळू चालवत जवळचं दुकान गाठा.

डिफरन्शियलचं तेल घरी बदलता येतं का? येतं. मागच्याला 75डब्ल्यू-90, जीएल-5 प्रतीचं गिअर ऑइल, साधारण 0.8 लिटर. आधी वरचा, भरण्याचा बोल्ट उघडा. तो सुटला तरच खालचा उघडा. उलट केलंत आणि वरचा गंजून अडकला, तर तेल सांडलेलं, भरायची वाट बंद आणि गाडी जागेवर. मग टोइंग बोलवाल तेव्हा फ्लॅटबेडच (पूर्ण गाडी पाठीवर घेणारा ट्रक) मागा. दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर ठेवून नेली तर मधला क्लचही जाईल.