मदत हवी आहे: नाइट उतरून दुसऱ्या पहाटे बोट

नवीनच नर्स. सलग चार नाइट ड्यूटी, शेवटची सकाळी ८ला संपणार. हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं) लांबला तर ९. दुसऱ्या दिवशी पहाटे ६ची बोट, सोबत सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी, बेटावर तीन दिवस. दिवसभर झोपलं तर रात्री डोळा लागणार नाही, म्हणून सकाळी खोली अंधारी करून दोन-तीन तासच झोपायचं, दुपारनंतर चहा-कॉफी बंद. खरी अडचण बोट लागण्याची. त्यावर मेक्लिझिनची गोळी, २५ मिलिग्रॅम, तासभर आधी घेतात, पण गुंगी येते, त्यात मूल सांभाळायचं. मुलीला ती द्यायची नाही. तिच्यासाठी बोटीच्या मधोमध, खिडकीजवळची जागा, नजर क्षितिजावर, मोबाइल बंद. गोळीशिवाय निभावतं का? आणि परतल्यावर पहिली ड्यूटी मॉर्निंग मागावी की नाइट?