मदत हवी आहे: कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे काळे ठिपके जाता जात नाहीत, रविवारी लग्न आहे

फोटोवाला_खामला
मंडळी, जरा लवकर सांगा. ताडोब्याहून आल्यापासून प्रत्येक फोटोत काळे ठिपके दिसून राहिले. जिप्सीत लेन्स बदलली होती, तेव्हाच धूळ गेली असणार. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर मारला, मेनूतलं ऑटो क्लीनिंग दहा वेळा केलं, पुसूनही पाहिलं. फरक शून्य, उलट वाढल्यासारखे वाटतात. रविवारी लग्नाचं काम आहे. घरच्या घरी काय करता येईल? 'सर्व्हिस सेंटरला द्या' हे मला माहीत आहे, ते कृपया लिहू नका.

एफ_बावीस
कॅमेरा कोणता? डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस? ठिपके कोणत्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं असताना, दिसतात? आणि 'पुसून पाहिलं' म्हणजे कशाने? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

सावजी_शटर
सेन्सरला हात लावूच नका राजेहो. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एका फोटोवर हील (डाग बुजवायचं टूल) मारायचं आणि बाकीच्यांवर सिंक करायचं. ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी असतात, दहा मिनिटांचं काम.

एफ_बावीस
@सावजी_शटर आकाशावर चालतं ते. नवरीच्या शालूच्या जरीवर ठिपका आला की हील शेजारची नक्षी उचलून भलतीकडे चिकटवतं. मग एकेक फोटो उघडून बघत बसा.

फोटोवाला_खामला
निकॉन डी५६००. ठिपके सगळ्याच फोटोत आहेत. व्ह्यूफाइंडरमधूनपण दिसतात.

जुना_निकॉनवाला
थांबा. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारी धूळ सेन्सरवरची नसतेच. डीएसएलआरमध्ये तुम्ही पाहता तेव्हा आरसा खाली असतो आणि सेन्सर शटरच्या पडद्यामागे झाकलेला असतो. ती धूळ फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर आहे. फोटोत ती येत नाही, तिला विसरा. फोकसिंग स्क्रीन पुसायला तर मुळीच जाऊ नका, मऊ प्लास्टिक आहे, चरा पडला की कायमचा.

आधी टेस्ट फोटो काढा. मोड ए, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/२२, मॅन्युअल फोकस करून रिंग अनंतावर. मग लॅपटॉपवर कोरी पांढरी फाइल पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि एक वितीवरून फोटो घ्या. शटर सेकंदभर उघडं राहिलं तरी चालेल, उलट तेवढ्यात कॅमेरा थोडा हलवा. स्क्रीनवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे जागचे हलत नाहीत. मग दुसरी लेन्स लावून हेच करा. त्याच जागी ठिपके आले तर सेन्सर.

संत्राबर्फी
व्हॅक्यूम क्लीनरचं बारीक नोझल माउंटपाशी (लेन्स बसते ती जागा) धरलं तर? ओढून घेईल ना सगळं.

जुना_निकॉनवाला
शटरची पातीपण ओढून घेईल.

बर्डीकर
कॉम्प्युटर साफ करायचा हवेचा कॅन मिळतो बर्डीवर. एक फवारा, काम खतम.

एफ_बावीस
@बर्डीकर कॅन तिरपा झाला की आतला द्रव थेंबाच्या रूपात उडतो आणि काचेवर पांढरा डाग सोडतो. जोरही जास्त असतो. तोंडाने फुंकणंही त्यातलंच, थुंकीचे कण जातात. कीबोर्डला वापरा तो कॅन.

फोटोवाला_खामला
टेस्ट केली. दोन्ही लेन्सवर तेच आलं. फोटोत वर डाव्या कोपऱ्याकडे तेरा-चौदा बारीक ठिपके, मध्ये दोन मोठे. शिवाय उजव्या कडेला वाळलेल्या पाण्यासारखा पट्टा आहे, त्याला कडा दिसतात. टॉर्च मारून वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं, तिथे काहीच नाही! पुसलं कशाने विचारलं होतं तर, कानकोरणीचा कापूस आणि चष्म्याचा स्प्रे. हलक्या हाताने.

एफ_बावीस
आता चित्र स्पष्ट झालं.

लेन्स चित्र उलटं पाडते. माउंटसमोरून पाहिलं की वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं. फोटोत वर डावीकडे म्हणजे तुम्हाला खाली डावीकडे शोधायचंय.

पट्टा धुळीचा नाही, तुमच्या स्प्रेचा आहे. चष्म्याच्या स्प्रेमध्ये पाणी आणि साबणासारखं काहीतरी असतं, ते वाळलं की पापुद्रा उरतो. कापसाचे धागे सुटतात ते वेगळेच. ठिपके वाढल्यासारखे वाटतात ते त्यामुळे. घाबरू नका, सेन्सरच्या पुढे फिल्टरची काच असते, तुम्ही ती पुसली आहे, खुद्द सेन्सर नाही. पण धुळीचा कण काचेवर असताना कोरडं घासलं असेल तर चरा पडू शकतो. म्हणून क्रम असा, आधी हवा, मग ओलं. कोरडं पुसणं कधीच नाही.

टेकडी_रोड
ब्लोअर मारला म्हणता, पण तोंड वर करून मारला का? आणि नवा ब्लोअर आहे का? नव्या रबरात पावडर असते. आधी बाहेर पंचवीस-तीस वेळा दाबा आणि काळ्या कापडावर मारून बघा काही पडतं का. टोकाला ब्रश असेल तर काढून टाका.

फोटोवाला_खामला
नवाच आहे. तोंड वरच होतं. ब्रशपण होता. 🙈

टेकडी_रोड
मग हवा नाही, तुम्ही पावडर मारली.

एफ_बावीस
नीट पद्धत लिहितो. बॅटरी पूर्ण भरा. सेटअप मेनूत 'लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग' आहे, तो निवडून शटर बटण पूर्ण दाबा. आरसा वर जातो, पडदा उघडतो. मध्येच बॅटरी उतरली तर बीप होतो, सेल्फ-टायमरचा दिवा लुकलुकतो आणि साधारण दोन मिनिटांनी आरसा खाली येतो. दिवा लुकलुकला की हातातलं सगळं बाहेर. बल्ब मोडमध्ये बटण दाबून धरायची आयडिया काही जण सांगतात, ती करू नका. बोट सुटलं की पडदा स्वॅबवर (सेन्सर पुसायची कापडी पट्टीची काडी) आपटतो.

आधी आरसा खालीच ठेवून माउंटच्या आतल्या भिंतींवर हवा मारा. बहुतेक धूळ तिथे बसलेली असते, ती नाही काढली तर उद्या परत सेन्सरवर. मग आरसा वर करून माउंटचं तोंड जमिनीकडे धरा, खालून ब्लोअरच्या सहा-आठ फुंका मारा. ब्लोअरचं टोक माउंटच्या आत नेऊ नका. बॉडी कॅप आणि लेन्सची मागची कॅप साबणाने धुऊन वाळवा, त्यांच्यात किती धूळ साचते ते धुतल्यावर कळतं.

ऑटो क्लीनिंग करायचं तर कॅमेरा टेबलावर बूड टेकवून ठेवा. ते काच थरथरवून कण पाडतं. चिकटलेलं त्याने जात नाही, दहा वेळा केलं तरी.

बर्डीकर
मे महिन्यात नागपुरात कोरड्या हवेने स्टॅटिक होतं, कण चिकटून बसतात. मी म्हणतो कूलर लावून बसा, हवेत ओल राहते.

टेकडी_रोड
कूलरसमोर कॅमेरा उघडायचा? वूडवूलचे तुकडे, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, सगळं आत. काहून सांगता भाऊ लोकांना असं?

बर्डीकर
समोर बसा असं कुठे म्हटलं?

एफ_बावीस
दोघांचंही अर्धं बरोबर. खोलीत अर्धा तास कूलर चालवा, मग कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून वीस मिनिटं थांबा, उडालेली धूळ खाली बसू द्या. मग कॅमेरा उघडा. घाम टपकतो, म्हणून कपाळाला रुमाल बांधा. गंमत नाही, एक थेंब आत पडला की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी सहाला केलेलं उत्तम.

फोटोवाला_खामला
आणि ओलं कशाने? मेडिकलमध्ये स्पिरिट मिळतं ते चालेल का? घरी सॅनिटायझरही आहे.

एफ_बावीस
दोन्ही नाही. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, स्पिरिटमध्ये पाणी. दोघांचेही डाग उरतात. डी५६००चा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमी आहे, म्हणून १६ मिमीचे स्वॅब घ्या. २४ मिमीचे फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी असतात, ते आत मावणार नाहीत. स्वॅब आणि द्रव एकत्र असलेला किट घ्या, एपीएस-सी (तुमच्या सेन्सरचा आकार) लिहिलेला.

जुना_निकॉनवाला
किट कशाला? लॅब केमिकलवाल्याकडून ९९.९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मिथेनॉल आणखी चांगलं, झटकन उडतं.

एफ_बावीस
मिथेनॉल विषारी, बंद खोलीत तर नकोच. आयसोप्रोपिल चालेल, पण बाटली उघडी राहिली की हवेतली ओल ओढतो आणि मग पट्टे पडतात. रविवार डोक्यावर असताना प्रयोग कशाला? किट घ्या.

आता मुख्य हात. स्वॅबच्या कडेवर दोन थेंब, जास्त नाही. पाच-सहा सेकंद थांबा, थेंब कापडात पसरू द्या. ओथंबलेला स्वॅब लावला तर द्रव सेन्सरच्या कडेला साचतो आणि तुमच्या आत्ताच्या पट्ट्यासारखाच नवा पट्टा होतो. स्वॅब डाव्या कडेला टेकवा, ओढायच्या दिशेला जरासा तिरपा करा आणि एका दमात उजव्या कडेपर्यंत ओढा. दाब इतकाच की स्वॅबचं टोक किंचित वाकेल. मध्ये थांबू नका, मागे-पुढे घासू नका. उचला, उलटा करा, दुसरी बाजू उजवीकडून डावीकडे. दोन ओढीत तो स्वॅब संपला, कचऱ्यात. तोच परत फिरवला तर कडेची धूळ मध्यावर येते.

मग टेस्ट फोटो. तुमचा पापुद्रा जायला दोन-तीन स्वॅब लागतील, पहिल्यानंतर वाईट दिसलं तर घाबरू नका.

संत्राबर्फी
जेल स्टिक नाही का वापरत कोणी? दाबायची, उचलायची, चिकट कागदावर टेकवून साफ करायची. लिक्विडची झंझट नाही.

जुना_निकॉनवाला
कोरड्या कणाला उत्तम. पापुद्र्यावर उपयोग शून्य. आणि सोनीच्या काही बॉड्यांना वेगळी स्टिक लागते, नाहीतर चिकट ठसा उरतो. तेलाच्या ठिपक्यालाही ओलंच. २०१२ च्या डी६०० मध्ये ठिपक्यांच्या इतक्या तक्रारी आल्या की २०१४ मध्ये निकॉनने फुकट तपासणी करून शटर बदलून दिलं.

सावजी_शटर
डी६०० कोणी विचारलं इथे?

धरमपेठ_५०मिमी
माझ्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. तीच धूळ का?

टेकडी_रोड
ती बुरशी. वेगळा धागा काढा. तोवर ती लेन्स बाकीच्यांसोबत एका बॅगेत ठेवू नका.

फोटोवाला_खामला
झालं. सकाळी केलं. पहिल्या स्वॅबनंतर पट्टा आणखी पसरला, जीव गेला होता. दुसऱ्याने निम्मा गेला, तिसऱ्याने पूर्ण. एकच बारीक ठिपका उरला आहे, फोटोत खाली उजवीकडे, एफ/२२ वर. म्हणजे समोरून पाहिलं तर वर उजवीकडे ना? एक स्वॅब उरला आहे. मारू का?

एफ_बावीस
जागा बरोबर ओळखली. हेच फ्रेम एफ/५.६ वर काढून बघा.

फोटोवाला_खामला
एफ/५.६ वर काही नाही. एफ/११ वर शोधलं तर अगदी पुसट.

एफ_बावीस
एफ/२२सारख्या बारीक अ‍ॅपर्चरला प्रकाशाची झोत निमुळती होऊन कणाची सावली ठळक पडते, मोठ्या अ‍ॅपर्चरला ती पसरून विरते. हॉलमध्ये तुम्ही एफ/२.८ ते एफ/५.६ वर असाल. राहू द्या त्याला. स्वॅब पाकिटासकट ठेवून द्या, आणि पुढच्या सफारीला जिप्सीत लेन्स बदलायची वेळ आलीच तर गाडी थांबल्यावर धुरळा बसू द्या, कॅमेरा बंद करून माउंट खाली धरूनच बदला.

संत्राबर्फी
उरलेला एक स्वॅब विकता का?