महिलांसाठीचे वेकबोर्ड आणि स्की खरोखर वेगळे असतात का?

लाटेवरची
‘महिलांसाठी’ अशी पाटी असलेले वेकबोर्ड (बोटीच्या दोरीने ओढले जाताना पाण्यावर आडवे उभे राहायची रुंद फळी) आणि वॉटर स्की (तशाच खेळातल्या लांब, अरुंद पट्ट्या) मुळातच वेगळ्या रचनेचे असतात, असे खरेदी करताना हमखास सांगितले जाते. मला ते मान्य नाही. बोर्ड पाण्यावर कसा चालेल हे खेळाडूचे वजन, बोटीचा वेग आणि दोन पावलांमधले अंतर यांवर ठरते. म्हणूनच वेकबोर्डची लांबी वजनाच्या तक्त्यावरून निवडतात आणि स्लॅलम स्कीची (तरंगत्या खुणांभोवती वळसे घेण्याच्या खेळातली एकच स्की) वजन व वेग या दोहोंवरून. स्लॅलम स्पर्धेत महिलांच्या खुल्या गटाचा कमाल वेग ताशी ५५ किमी असतो, पुरुषांचा ५८; पण पस्तिशीपुढच्या गटातले पुरुषही ५५ वरच खेळतात आणि त्यांच्यासाठी कोणी वेगळ्या रंगाची स्की काढत नाही. अव्वल महिला स्लॅलमपटू तर बहुधा पुरुषांच्याच मॉडेलची आखूड स्की वापरतात.

फिनधारी
लांबी कमी केली की काम झाले, हे मला पटत नाही. बोर्ड आखूड केला, पण आतला फोमचा गाभा आणि काचतंतूंचे थर तेवढेच ठेवले, तर हलक्या खेळाडूला तो अधिकच ताठ लागतो, कारण वाकणारी लांबीही घटलेली असते आणि वाकवणारे वजनही. ताठपणा साधारणपणे जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे गाभा किंचित पातळ केला तरी फरक मोठा पडतो. महिलांचा बोर्ड मनापासून घडवलेला असेल, तर त्यात गाभा पातळ असतो, कडा बारीक असते आणि बाइंडिंगची (पाय अडकवायच्या बुटांची) भोके जवळजवळ असतात. एरवी काय होते ते पाहा: बोटीमागच्या लाटेकडे वळताना जाड कडा पाण्यात रुतत नाही, बोर्ड आडवा घसरतो, आणि तो टाचेने दाबून धरता धरताच मुलगी दमते. दोष मात्र तिच्या कौशल्याला दिला जातो.

लाटेवरची
आपण सांगितलेला प्रत्येक गुण वजनाशी जोडलेला आहे. पंचावन्न किलोच्या मुलालाही हाच बोर्ड हवा असतो, पण पाटी पाहून तो तिकडे फिरकत नाही. आणि ऐंशी किलोची, उंच उड्या मारणारी बाई त्याच पाटीमुळे मऊ बोर्ड घेऊन बसते. बोर्डावर वजनाची मर्यादा आणि ताठपणा छापावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

संथपाणी
बाइंडिंगचे काय? स्त्रियांची टाच पावलाच्या पुढच्या भागाच्या मानाने सहसा अरुंद असते आणि पोटरीचा स्नायू खालपर्यंत उतरतो. पुरुषांच्या साच्यातला छोटा बूट घातला की पुढे घट्ट होतो आणि टाच मात्र उचलली जाते. हा फरक वजनाच्या तक्त्याने भरून निघत नाही.

लाटेवरची
बाइंडिंगपुरते पूर्ण मान्य. तिथे वेगळा साचा हवाच.

फिनधारी
बोर्डालाही हवा. स्वतंत्र साचा खर्चिक असतो, आणि महिलांचा विभाग आहे म्हणूनच तो खर्च केला जातो. उद्या तो विभाग मोडला, तर सर्वांसाठीच्या मॉडेलचीच आखूड, तशीच ताठ प्रत हलक्या खेळाडूच्या हाती पडेल, अशी मला भीती वाटते. म्हणून आजही मी हलक्या मुलींना आधी महिलांच्याच विभागात पाहायला सांगतो. ऐंशी किलोच्या बाईला मात्र तिकडे पाठवत नाही.